मल्लिगेशेजारच्या सुया

आमचा फ्रिज उघडला की आधी मल्लिगेचा, म्हणजे आपल्या मोगऱ्याचा, वास येतो. गार, ओला, सकाळी देवळात शिरल्यासारखा. शोभाचा गजरा केळीच्या पानात गुंडाळून ठेवलेला असतो, आणि त्याला टेकूनच तिच्या इंजेक्शनांचा डबा. मूल व्हावं म्हणून पोटात टोचून घ्यायची, अंडी वाढवायची इंजेक्शनं. फुलं न सुया एकाच कप्प्यात! असला संसार बघितलाय का कुणी?

मी शिंपी. कुवेंपुनगरात दुकान आहे, बापानं घातलेलं. शाळा काही मला झेपली नाही, सुई झेपली. पण पहिल्या खेपेला शोभानं पदर बाजूला केला, मी इंजेक्शन हातात घेतलं, आणि डोळे उघडले तेव्हा फरशीवर होतो न ती माझ्या तोंडावर पाणी मारत होती. "जन्मभर सुई धरता न? सुम्ने, गप बसा तिकडं," म्हणाली, आणि स्वतःच टोचून घेतलं. आता तिला काय सांगू? कापड कधी आई गं म्हणत नाही.

तपासणी माझीही झाली. पास झालो. जन्मात एकच परीक्षा पास झालो, तीही अभ्यास न करता, आणि कुणाला पेढे वाटायची सोय नाही.

आतापर्यंत दोन खेपा झाल्या, दोन्हींत अंडी निघाली, गर्भ काही धरला नाही. अंड्यांचा दर्जा कमी पडतोय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एकदा बघू या. शोभा तयार. तयार नव्हतो तो मी. शिंप्याचं डोकं हो! एकाच शिवणीवर ब्लाऊज परत परत उसवलं की कापडाची चाळण होते, मग कितीही चांगला दोरा घाला, धरत नाही. हिचंही तसंच झालं तर? टोचून टोचून आपणच अंडी बिघडवतोय की काय? तिला हे उसवणं सांगितलं न म्हटलं, शोभा, पुरे आता.

 तिनं येऊन माझं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "तुम्ही मलाच ब्लाऊज करून टाकलं. चला, बाईंना विचारा, माझ्यासमोर."

जयलक्ष्मीपुरमच्या दवाखान्यात मी माझं उसवायचं शास्त्र सांगितलं, अर्धं कन्नडात, अर्धं हातवाऱ्यांनी. शोभा खिडकीबाहेर बघत होती, ह्या माणसाची आपली ओळखच नाही अशी. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, दर महिन्याला शरीर बरीच अंडी पुढं काढतं, वाढतं एखादंच, बाकीची विरून जातात. त्या विरणाऱ्यांनाच आम्ही वाढवतो. त्यानं साठा लवकर संपत नाही, दर्जाही बिघडत नाही. दर्जा जास्त करून वयावर असतो. अंगाला त्रास मात्र होतो, म्हणून मधे विसावा. यश येईलच असं सांगत नाही. करायचं का नाही ते शोभानं ठरवावं.

म्हणजे कतरण, बेतून उरलेले तुकडे! जी केर म्हणून जायची तीच बाई जपून ठेवतात. एवढं आयुष्य कतरणीत बसून गेलं माझं, आणि मला आठवली काय, तर उसवण.

"करायचं," शोभा म्हणाली. स्कूटरवर मागं बसल्यावर मला चिमटाही काढला.

तेव्हापासून मऊ सुती कतरण मी वेगळ्या पिशवीत टाकतो. छोट्या गोधडीपुरती जमलीय. शिवत नाही. बाळ यायच्या आधी त्याचं काही शिवू नये, अशी आमच्याकडं रीत. दुसऱ्यांच्या घरची झबली शिवतो न आपल्या पिशवीकडं बघून हात आवरतो. धरेल की नाही, कुणाला ठाऊक? पण आवरून धरलेल्या हातातही एक सुख असतं हो, हे मला ह्या वयात कळतंय.

आज संध्याकाळी तिसऱ्या खेपेसाठी फ्रिज उघडला. तोच गार वास. शोभानं गजरा माळला, डबा माझ्या हातात दिला. "बसून द्या," म्हणाली.

बसून दिलं. ती आई गं म्हणाली नाही. मीच म्हटलं.