खोटं असेल तर जीभ झडो

उमापाल्काच्या खाणीतून कथील निघतं आणि प्लासिदाच्या तोंडातून शब्द, पण दोन्हींत दगडच जास्त, असं एपिफानियो लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात म्हणाला होता. त्यावर प्लासिदाने त्याला जे सुनावलं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. पुढे ते सगळा डोंगर ऐकणार आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

प्लासिदा दगड वेचायची. खाणीने टाकून दिलेल्या ढिगाऱ्यावर आमच्या बायका दिवसभर बसतात, हातोडीने दगड फोडतात आणि खाणीच्या नजरेतून सुटलेलं कथील वेगळं काढतात. बहुतेक विधवाच असतात. प्लासिदा विधवा नव्हती, तिच्या नवऱ्याची फक्त फुप्फुसं खाणीत गेली होती. ठणठणाटात एकमेकींशी बोलायचं म्हणून तिचा आवाज चढा झाला होता, आणि एका उडालेल्या कपचीने पुढचे दोन दात नेल्यामुळे त्यात एक शीळ आली होती. बोलायला लागली की ‘मी काय म्हणते’ आणि संपवताना ‘खोटं असेल तर जीभ झडो माझी’. ही शपथ तिच्या आईची. आई गेली तेव्हा चांगली घोंगडी धाकट्या बहिणीने उचलली आणि शपथ हिच्या वाट्याला आली.

एपिफानियो अगदी उलटा. चार माणसांत गेला की त्याची दातखीळ बसायची. छाती गेल्यावर युनियनने त्याला आपल्या रेडिओवर झाडलोट करायला ठेवलं. रेडिओ म्हणजे युनियनच्या इमारतीतल्या वरच्या दोन खोल्या, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, आणि घरी रेडिओ नसलेल्यांसाठी चौकात दोन कर्णे. सकाळी बातम्या, मग पकडून नेलेल्यांच्या बायकांची पत्रं, दुपारी चरांगो या छोट्या गिटारीवरची गाणी. एका शनिवारी चरांगोवाला पिऊन कुठेतरी पडला होता आणि वेळ रिकामी चालली होती. तबकड्या लावणारी एल्वा त्याला म्हणाली, “डॉन एपिफानियो, काहीही बोला, पण बोला.” त्याने तोंड उघडलं. स्वतःचा आवाज काही फुटेना. फुटला तो बायकोचा, शिळेसकट.

त्या दिवशी चौक पोट धरून हसला. पुढच्या शनिवारी लोक वेळेआधीच येऊन बसले. त्या बाईचं नाव पडलं दोन्या लोरा, म्हणजे पोपटीणबाई. दोन्या लोरा खाणीच्या इंजिनियरला झापायची, महापौराच्या पोटाची चौकशी करायची, लष्करशहांना ‘पोरांनो’ म्हणायची, आणि प्रत्येक वाक्याला जीभ झडायला तयार असायची.

सुरुवातीला प्लासिदालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. आपलं तोंड एवढं कामाचं असेल असं तिला वाटलं नव्हतं. पण वर्षाभरात तिच्या लक्षात आलं की घरात बोलायचीच चोरी झाली आहे. बुधवारी नवऱ्याला काही म्हणावं तर ते शनिवारी कर्ण्यातून ऐकू यायचं. मग ती गप्प राहायला लागली, तर हा गृहस्थ मुद्दाम सूप करपवायचा, पाण्याची घागर उपडी करायचा आणि ती काय म्हणते ते कान टवकारून ऐकायचा. घराबाहेर आणखी वाईट. खाणीच्या दुकानात तिने सांगितलं की पिठाला कुबट वास येतोय, खोटं असेल तर जीभ झडो माझी. रांग खदाखदा हसली आणि दुकानदाराने तेच पीठ बांधून दिलं. बहिणीच्या दफनाला तिने हंबरडा फोडला तेव्हा खड्डा खणणाऱ्यांपैकी एकाने मान खाली घालून ओठ चावला. ते तिने पाहिलं. पुढे वर्षं लोटली तरी ती ते विसरली नव्हती.

मग लष्कर खाणीत येऊन बसलं. रेडिओवरच्या बातम्या आधी कॅप्टनला दाखवायच्या, तो खोडेल ते गाळायचं, असा हुकूम झाला. लोकांना गोळा करायला वाजवायचा तो आमच्या युनियनचा भोंगाही त्यांनी उतरवून नेला. दोन्या लोराला मात्र कुणी हात लावला नाही. शिपाईसुद्धा शनिवारी कर्ण्याखाली उभे राहून हसायचे. प्लासिदाने नेमकी तेव्हाच नवऱ्याला कार्यक्रम बंद करायला सांगितलं, तर तिची समजूत काढायला फाउस्तो तिकोना स्वतः घरी आला.

बातम्या फाउस्तो वाचायचा. जाड भिंगांचा, संथ, कंटाळवाणा माणूस. पण त्याने सांगितलं म्हणजे ते खरं, एवढं त्याचं गावात वजन होतं. शिवाय अख्ख्या उमापाल्कात तिला लोरा न म्हणणारा तो एकटाच होता.

“दोन्या प्लासिदा,” तो म्हणाला, “माझ्या कागदावर काट मारतात. तुमच्या बोलण्यावर त्यांना काट मारता येत नाही. तुमच्या तोंडून गाव बोलतंय.”

“मी काय म्हणते,” प्लासिदा म्हणाली, “माझ्या तोंडून गाव बोलतंय, मग मी कुणाच्या तोंडून बोलू?”

फाउस्तोने चष्मा पुसला. हसला नाही. “एवढे दिवस जाऊ द्या,” एवढंच म्हणाला. ती नाही म्हणू शकली नाही, आणि तिथेच तिचं दार बाहेरून बंद झालं.

त्यानंतर महिन्याभराने फाउस्तोने कॅप्टनला न दाखवता एक कागद वाचला. पकडून नेलेल्या अकरा जणांची नावं, तारखा, आणि त्यांना उचलणाऱ्या गाड्यांचे नंबर. तो मंगळवार होता. बुधवारी फाउस्तो घरातून निघाला आणि रेडिओवर पोचलाच नाही. गुरुवारी चौकात लष्कराची नोटीस लागली की फाउस्तो तिकोना हा आपल्या साथीदारांना सोडून सरहद्द ओलांडून चिलीला पळाला. शुक्रवारपर्यंत अर्ध्या गावाला ते पटलंही होतं. त्याची बायको बेनिग्ना चौकात शेंगदाणे विकते, तिला लोक विचारायचे, “काय, चिलीचा समुद्र बघायला गेले का साहेब?” आता शनिवारी दोन्या लोरा यावर काय म्हणते, याची सगळं गाव वाट पाहत होतं.

शनिवारी सकाळी प्लासिदा ढिगाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला बसली होती. खाली जुन्या वळणावर ताडपत्री घातलेली एक लष्करी लॉरी चाक पंक्चर होऊन उभी होती, आणि दोन शिपाई चिखलात रुतणाऱ्या जॅकला शिव्या देत होते. वाऱ्याने मागची ताडपत्री उडाली. आत फाउस्तो होता. हात मागे बांधलेले, चष्मा नाही, तोंड सुजलेलं, एकाच पायात बूट. त्याने वर पाहिलं. चष्म्याशिवाय त्याला कोण दिसलं कोण जाणे, पण ठणठण थांबलेली त्याला कळली असावी, आणि तिच्या तोंडून निसटलेली शीळही.

“दोन्या प्लासिदा,” तो म्हणाला. ओरडला नाही. “सांगा.”

प्लासिदाने हातोडी तिथेच टाकली आणि पायवाटेने धावत सुटली. तिला सगळं लख्ख कळत होतं. ती लॉरी कुठूनही फिरली तरी खाणीच्या फाटकाखालच्या पुलावरूनच बाहेर जाणार. दोन वर्षांपूर्वी बायका त्याच पुलावर ठाण मांडून बसल्या होत्या आणि शिपायांना पकडलेली चार माणसं लॉरीतून खाली उतरवावी लागली होती. चाक बदलून, डोंगराला वळसा घालून पुलापर्यंत यायला लॉरीला अर्धा तास तरी हवा. चौकात शनिवारची शे-दीडशे माणसं असणार. पुलाला पोचायला त्यांना पाच मिनिटं पुरे.

ती जिना चढली तेव्हा बारा वाजत होते आणि एपिफानियो माइकसमोर घसा साफ करत होता. तिने धापा टाकत सांगितलं. त्याने खुर्ची सोडली, तिला बसवलं आणि एल्वाने कळ दाबली.

“मी काय म्हणते, ऐका,” प्लासिदा म्हणाली.

खिडकीतून तिला चौक दिसत होता. शंभर चेहरे एकदम कर्ण्याकडे वळले, आणि ते हसायच्या तयारीने आधीच फुललेले होते.

“फाउस्तो कुठे चिलीला गेलेला नाही. तो ढिगाऱ्यामागे लॉरीत आहे. बांधलाय त्याला. आत्ता पाहिला मी, या डोळ्यांनी. एका पायात बूट आहे त्याच्या.”

चौक हसला. बुटाला तर एकाने टोपीच उडवली.

“हसू नका रे. पुलावर चला. लॉरी आत्ता येईल पुलावर. खरं सांगते, खोटं असेल तर जीभ झडो माझी.”

हे शेवटचं वाक्य सगळ्या चौकाने तिच्याबरोबर म्हटलं, सुरात, दर शनिवारी म्हणत तसं.

प्लासिदाला रडू फुटलं. दोन्या लोरा आजवर कधी रडली नव्हती, त्यामुळे लोकांना ही नवी करामत फारच आवडली. शेवटी एपिफानियोने माइक ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तो चार माणसांपुढे स्वतःच्या आवाजात बोलला, तो बारीक, अडखळणारा, कुणी न ऐकलेला आवाज. “हे... हे नाटक नाहीये. मी तिचा नवरा बोलतोय. ती खरं सांगतेय.” खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. सात वर्षं नुसत्या शिव्या खाणारा कार्यक्रमातला दोन्या लोराचा नवरा अखेर बोलता झाला होता.

मग ती धावत खाली उतरली. चौकात तिला पाहून लोक आणखी हसले, तिच्यासाठी वाट सोडली, एकाने वाकून नमस्कारही केला. ती एकेकाचे दंड धरून ओढत होती. “अरे, मी आहे. मी प्लासिदा. चला.” कुणी म्हणालं, “दोन्या लोरा, दम घ्या जरा.” ढिगाऱ्यावरच्या पाच जणी कोपऱ्यात डबा खात होत्या. त्यांनी तिला रोज कर्ण्याशिवाय ऐकलेलं, म्हणून त्या उठल्या. सहा जणी पुलावर पोचल्या तेव्हा लॉरी पलीकडच्या चढाला लागली होती. ताडपत्री नीट बांधलेली होती.

पुलावरून परतलेल्या बायकांकडून चौकाला खरं काय ते कळायला संध्याकाळ झाली. त्यानंतर आठवडाभर आमच्या गावात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सोमवारी शिपाई रेडिओच्या खोल्यांना कुलूप लावून गेले. मग नवी नोटीस आली की फाउस्तोला लॉरीत पाहिल्याची अफवा रेडिओवरच्या एका विनोदी कार्यक्रमातून उठली असून सुज्ञांनी तिच्यावर विश्वास ठेवू नये. ती विनोदी कार्यक्रमातून उठली यात तर एक शब्दही खोटा नव्हता, याचाच प्लासिदाला जास्त संताप आला. तिच्याशिवाय फाउस्तोला पाहणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तिने पाहिलेलं गावाच्या हसण्यात गेलं होतं.

एपिफानियोने दोन्या लोराचं नाव घेणंच सोडलं. तो घरात दबकत वावरायचा, सूप करपू द्यायचा नाही. प्लासिदानेही बोलणं जवळजवळ सोडलं. बाजारात बोटाने दाखवून बटाटे घ्यायची. लोकांना वाटलं, रागावली आहे. राग होताच, पण खरी गोष्ट वेगळी होती. तोंड उघडलं की बाहेर येतो तो आवाज आता तिला आपला वाटत नव्हता, आणि दुसरा तिच्याकडे नव्हता.

दोन महिन्यांनी बिशपांनी पाठवलेली एक वकीलबाई टेपरेकॉर्डर घेऊन पाद्र्यांच्या घरी उतरली. फाउस्तोला प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष असेल तर राजधानीत कागद दाखल करता येईल, नाहीतर सरकारदरबारी तो चिलीत आहे तो आहेच. बेनिग्ना प्लासिदाला बोलवायला आली.

प्लासिदाने सगळं सांगितलं. अगदी हळू सांगितलं, दात नसलेल्या जागेवर जीभ दाबून धरत, म्हणजे शीळ येऊ नये. ‘मी काय म्हणते’ एकदाही म्हटलं नाही. लॉरी, जॅक, ताडपत्री, बूट. वकीलबाईंनी मध्ये मध्ये वेळ विचारली, रंग विचारला. शेवटी त्या म्हणाल्या, “आता हे खरं आहे अशी शपथ घ्या. तुमच्या शब्दांत घ्या.”

प्लासिदाने आधी देवाची शपथ, असं म्हणून पाहिलं, तर ते तिच्याच कानांना खोटं वाटलं. तिच्याकडे शपथ एकच होती. ती तिने घेतली.

टेप नीट भरली का ते पाहायला वकीलबाईंनी ती मागे फिरवून शेवट लावला. छोट्या यंत्रातून आवाज पुन्हा चिरका होऊन आला. खोटं असेल तर जीभ झडो माझी. बेनिग्नाने एकदम शाल तोंडाशी धरली आणि मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले. वकीलबाई “थांबा, पाणी आणते” म्हणत आत गेल्या.

शालीआडून बेनिग्ना म्हणाली, “हसू येतंय, दोन्या प्लासिदा. त्या दिवशीपण आलं होतं. मी चौकातच होते, शेंगदाणे घेऊन. सगळ्यांबरोबर हसले मी. आता माहितीय सगळं, तरी येतंय. काय करू मी?”

प्लासिदाने तोंड उघडलं, पण आपल्या आवाजाने तिला आणखी हसू येईल म्हणून परत मिटलं. वकीलबाई पाणी घेऊन येईपर्यंत ती तशीच बेनिग्नाशेजारी बसून राहिली.