तोंडापुढचा पुठ्ठा

यंत्रमागाच्या कारखान्यात तिला सगळे ‘भोंगा’ म्हणत. पाळी बदलल्याचा खरा भोंगाही तिच्यापुढे फिका पडतो, अशी थट्टा होती. वास्तविक मागांच्या खडखडाटात आवाजाला काडीची किंमत नव्हती. तिथे बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणे उचलत. सासूची गाऱ्हाणी, पगाराची रड, चावट विनोद, सारे काही. अशा बाईची मुलगी जन्मतः बहिरी निघाली तेव्हा नातलगांनी नशिबाला बोल लावला. भोंगा दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि लेक दोन वर्षांची होताच शस्त्रक्रिया करून तिच्या कानात ऐकण्याचे यंत्र बसवून घेतले.

मग ऐकायला शिकवणारा वर्ग सुरू झाला. तिथल्या बाईंचा एक नियम कडक होता: मुलीशी बोलताना तोंडापुढे पुठ्ठा धरायचा. डोळे सरावलेले, कान नवखा. ओठ दिसले की कान आळसावतो, असे त्यांचे म्हणणे. ते खोटेही नव्हते. पण पुठ्ठा वर गेला की पोर भिंतीकडे पाहू लागे. भोंग्याने तो खाली ठेवला.

“नियम पाळायचा नसेल तर जागा दुसऱ्याला देईन,” बाई म्हणाल्या. “बाहेर किती आईबाप ताटकळलेत, बघा.”

घरी नवऱ्याने हात जोडले. “अगं, धर की जरा! तुझ्या हट्टापायी पोरीचं वाटोळं व्हायचं.”

“जन्मल्यापासून ती माझं तोंड वाचतेय. आवाज आत्ता आलाय. ओठ मिटून उघडले आणि ‘बा’ ऐकू आलं, हे दोन्ही एकच, हे तिला कोण सांगणार? तो पुठ्ठा?”

डोळे आणि कान यांची सांगड मेंदू जन्मतःच घालून आणत नाही. पाहिलेले आणि ऐकलेले एकाच क्षणी, पुन्हा पुन्हा भेटले म्हणजे त्यांच्यामधली वाट रुळते. आणि ती सहज रुळण्याचे वय लवकर सरते. हे बाईंनाही ठाऊक होते. त्यांना भीती होती ती डोळ्यांची जुनी वाट कानाच्या नवीला गिळेल याची. भोंग्याला, डोळ्यांच्या सोबतीवाचून नवी वाट कुठेच पोहोचणार नाही याची.

पुढच्या तासाला बाईंनी पुठ्ठा तिच्यापुढे सरकवला. “आज शेवटचं सांगतेय.”

“मीही. माझ्या लेकीपासून मी तोंड लपवणार नाही. पटावरून नाव काढायचं तर काढा. मी दारात बसून शिकवीन.”

या वादात टेबलावरचा पुठ्ठा पोरीने उचलला आणि आईच्या तोंडावर दाबला. भोंगा पुठ्ठ्याआडून म्हणाली, “बाबा.” पोर मान कलती करून थांबली. मग तिने पुठ्ठा ओढून काढला आणि ओठांकडे टक लावली. “बाबा.” पुन्हा झाकले, पुन्हा उघडले. पाचव्या-सहाव्या खेपेला झाकल्या तोंडातून शब्द आला, तेव्हा पोरीचे स्वतःचेच ओठ मिटून उघडले. आवाज मात्र फुटला नाही.

बाईंनी वाकून पोरीच्या ओठांकडे पाहिले. मग म्हणाल्या, “हे नियमात बसत नाही.”

“मग नियम सैल करा.”

“पुठ्ठा तिच्याच हातात राहू दे. पण ती झाकेल तेव्हा तुम्ही हलवायचा नाही.” बाईंनी कानाला हात लावला. “आणि पुढच्या वेळी एवढ्या मोठ्यानं ओरडू नका.”

“ते जमायचं नाही,” भोंगा म्हणाली आणि लेकीकडे तोंड करून बसली.