दादाचं शेवाळ

माझ्या थोरल्या भावाइतका हट्टी, तिरसट आणि डोक्यात जाणारा माणूस साऱ्या बडोद्यात दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी त्याची सख्खी बहीण म्हणून साठ वर्षांच्या अनुभवावरून सांगते आहे. बाहेरची माणसं त्याला शांत समजतात. गोत्रीला त्याच्या सोसायटीत कोणालाही विचारा, "काका तो बहु शांत माणस छे" असंच ऐकायला मिळेल. शांत असणारच! त्याचा सगळा राग दिवाणखान्यातल्या चार फुटी काचेच्या टाकीत उगवणाऱ्या शेवाळावर निघतो, आणि त्यातून उरलेला रावपुऱ्यात राहणाऱ्या माझ्यावर. सोसायटीच्या वाट्याला काही येतच नाही.

लोक टाकीत मासे पाळतात. दादा टाकीत झाडं पाळतो. खरीखुरी, मुळापानांची, पाण्याखाली वाढणारी झाडं. मासे आहेत, पण त्यांचा मान भाडेकरूंइतकाच. आता जिथे पाणी आहे, दिवा आहे आणि झाडांना घातलेलं खत आहे, तिथे शेवाळ येणार, हे मी चौथीच्या पोरांना तीस वर्षं शिकवलं आणि त्यांना ते कळलं. दादाला कळत नाही. त्याच्या मते शेवाळ आपणहून येत नाही, ते कोणाच्या तरी हलगर्जीपणामुळे येतं, आणि तो 'कोणीतरी' म्हणजे मी. एकदा त्याच्याकडे पेपर वाचायला म्हणून मी खिडकीचा पडदा जरासा सरकवला. पुढच्या रविवारी फोन आला, "ताबडतोब ये." मला वाटलं पडला-बिडला की काय, म्हणून भर उन्हात रिक्षा करून धावले. तर हा टाकीशेजारी कंबरेवर हात ठेवून उभा. काचेवर मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. "दहा मिनिटांचं ऊन," तो म्हणाला, "बघ काय करून ठेवलंयस." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तशीच उलट पावली घरी आले आणि चार दिवस त्याचा फोन उचलला नाही.

त्याच्या तऱ्हा सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. टाकीवरचा दिवा सकाळी चार तास लागतो, मग दोन तास वामकुक्षी घेतो आणि पुन्हा तीन तास लागतो. दिवा वामकुक्षी घेत असताना घरात मोठ्याने बोललेलं दादाला खपत नाही, का ते त्यालाच ठाऊक. माशांना चिमूटभर खाणं, तेही तिळाएवढं मोजून, आणि सोमवारी कडकडीत उपवास. उरलेला घास तळाशी कुजला की त्यावर शेवाळ पोसतं म्हणून. दर रविवारी निम्मं पाणी बदलायचं, आणि नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून ते शनिवारपासून भरून ठेवायचं. त्यामुळे शनिवारी त्याच्या घरी गेलं तर हात धुवायला एक बादली रिकामी मिळत नाही. घरातले सगळे जुने टूथब्रश दगड घासायला, सगळी मुदत संपलेली बँकेची कार्डं काच खरवडायला. एकदा तर माझी नवी कोरी चहाची गाळणी गायब झाली आणि महिन्याभराने टाकीतून केसांसारखं शेवाळ उपसताना दिसली. मी किंचाळले. तो म्हणाला, "अगं, जाळी बारीक आहे हिची, फार उपयोगी आहे." वर कौतुक! आणि शेवाळ फारच माजलं की टाकीला तीन दिवस अंधारकोठडी. आमच्या आईच्या हातची गोधडी, जी मी मागून मागून थकले, ती या टाकीला गुंडाळून ठेवतो. म्हणे उजेड बंद केला की झाडं तग धरतात आणि शेवाळ मरतं.

पण हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. माझा खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा होता. त्याची एकुलती एक मुलगी जुई बंगळुरूला असते. वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, पण आईच नाही तर माहेरी येऊन करायचं काय? म्हणून पोरीने बापाला बोलावलं. "बाबा, तू ये. दोन महिने राहा. मला आपलं माणूस जवळ हवंय." एवढंच मागितलं तिने. आणि या गृहस्थाने काय उत्तर द्यावं? "टाकी कोण बघणार? आठ दिवसांत सगळं हिरवं होईल."

मला फोनवर हे सांगताना जुई रडली नाही. "जाऊ दे आत्या," एवढंच म्हणाली, आणि त्या 'जाऊ दे'ने माझं डोकं असं फिरलं की मी स्कूटर काढली ती थेट गोत्रीला. "लाज नाही वाटत? पोटची पोर की शेवाळ?" मी दारातूनच सुरुवात केली. तो हातातल्या चिमट्याने झाडाचं पान खुडत राहिला. मग म्हणाला, "बाळंतपणात माझा काय उपयोग? तिथे ती हवी होती." ती म्हणजे वहिनी. शेवटचे दोन आठवडे तो वहिनींजवळ दवाखान्यात होता, आणि सगळं आटोपून घरी आला तेव्हा टाकी हिरवीगार झाली होती. तेरा दिवस लोक भेटायला यायचे आणि हा त्यांच्याकडे पाठ करून काच घासत बसायचा. तेव्हापासून त्याने एक रात्रही घर सोडलेलं नव्हतं. मला हे ठाऊक होतं. मला कळत नव्हतं असं समजू नका. पण कळलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे? मी म्हटलं, "तुझी टाकी मी बघते. उद्या तिकीट काढलं नाहीस तर मी हातोडा घेऊन येईन." मी खरंच येईन हे त्याला माहीत होतं. त्याने तिकीट काढलं.

जाण्याआधी त्याने मला सात दिवस शिकवलं. मी शाळेत कोणाचा इतका अपमान केला नसेल. "चिमूट म्हणजे चिमूट, मूठ नव्हे!" "काच वरून खाली घास, आडवी नको!" शिवाय एक वही दिली आणि अट घातली, रोज सकाळी टाकीचा एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवायचा. पहिले दोन दिवस मी इमानेइतबारे पाठवला. उत्तर आलं, "डावा कोपरा अंधुक. नीट घास." दुसऱ्या दिवशी, "फोन हलवू नकोस." मुलीच्या घरी बसून बाप हे करत होता!

आता माझी चूक सांगते. डभोईला माझ्या नणंदेकडे लग्न होतं आणि आठ दिवस जाणं भागच होतं. दादाला सांगितलं असतं तर तो पुढच्या गाडीने परत आला असता, आणि जुईचे दिवस भरत आले होते. म्हणून मी एकाच सकाळी टाकीचे दहा व्हिडिओ काढले, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. डभोईहून रोज एक पाठवत राहिले. फ्लॅटची किल्ली, नळ-बिळ गळला तर असावी म्हणून, समोरच्या कोकिलाबेनकडे ठेवली.

कोकिलाबेन म्हणजे देवमाणूस. दर पुनवेला तळ्यावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालणारी. ती सहज डोकवायला म्हणून आत गेली, तर मासे काचेला तोंडं लावून उघडझाप करताहेत, आणि घरात काळोख. तिचं काळीज द्रवलं. तिने पडदे सताड उघडले आणि आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, कणकेच्या गोळ्या. मी परत आले तेव्हा टाकीत पालकाची पातळ भाजी ओतल्यासारखं पाणी. झाड दिसेना, मासा दिसेना. कोकिलाबेन मागे हात जोडून उभी, "बिचारा भूख्या हता, बेन! में तो पुण्य कर्युं!" आता पुण्य करणाऱ्या बाईवर ओरडायचं तरी कसं? मी तिला चहा पाजला आणि घरी पाठवली. मग दार लावून एकटीच टाकीवर, दादावर, माशांवर आणि माझ्या कर्मावर मनसोक्त ओरडून घेतलं.

पुढचे पंधरा दिवस मी जे केलं ते माझ्या नवऱ्यासाठीसुद्धा कधी केलं नाही. पाणी उपसलं, दगड घासले, कुजलेली कणीक नळीने ओढून काढली, टाकीला गोधडी गुंडाळली. दोन मासे गेले, बाकीचे वाचले. माझी पाठ मात्र धरली ती धरलीच. आणि दादाला तेच जुने व्हिडिओ आलटून पालटून पाठवत राहिले. रोज देवाचं नाव घेऊन उत्तर उघडायची. रोज एकच शब्द, "छान." दादाच्या तोंडून आयुष्यात मी हा शब्द ऐकला नव्हता. मला वाटलं, मुलीच्या सहवासात विरघळला असेल.

मधल्या काळात जुईला मुलगी झाली. दादा दवाखान्यात रात्रंदिवस बसून होता म्हणे. घरी आल्यावर खोलीचे पडदे, बाळाच्या झोपेच्या वेळा, दुधाच्या वेळा, सगळं भिंतीवर लिहून लावलं. "आत्या, याला आवर गं, मला माझ्याच मुलीला घ्यायला परवानगी लागते," जुई म्हणाली आणि इतकी हसली की मलाच रडू आलं.

बारशाच्या दिवशी मला राहवलं नाही. गोत्रीच्या फ्लॅटमधूनच फोन लावला. म्हटलं, "दादा, मी तुला फसवलं. टाकी हिरवी झाली होती. व्हिडिओ जुने होते."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे? कधीपासून?"

"तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. मागची ती लाल झाडं दिवसाला अर्धं बोट वाढतात. तुझ्या व्हिडिओत जिथल्या तिथे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे नालायका! मी इथे पंधरा दिवस मरमर मरतेय, पाठ मोडून घेतेय, रोज खोटं बोलून झुरतेय, आणि तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

मागे बायकांचा गलबला चालला होता. "बोललो असतो तर यावं लागलं असतं," तो म्हणाला. "मला यायचं नव्हतं गं."

तेवढ्यात तिकडे बाळ रडलं. "उठली वाटतं. ठेवतो," म्हणाला, आणि फोन ठेवला. टाकीचं काय झालं, मासे किती राहिले, झाडं वाचली का, एका अक्षराने विचारलं नाही.

दोन महिन्यांचे सहा झाले तरी तो तिकडेच आहे. मी रविवारी जाऊन पाणी बदलते. काच आता स्वच्छ असते, वरून खाली घासलेली. मला आनंद झालाय, अगदी मनापासून झालाय, जुईसाठी तर फारच. पण काम आटोपून मी त्या टाकीसमोर घटकाभर बसते तेव्हा डावा कोपरा अंधुक राहिलाय असं मला म्हणणारं तिथे कोणी नसतं, आणि त्याचा मला इतका राग येतो, इतका राग येतो, की डोळे भरून येतात.