तुळशीला घातलेली पाणपिसू

सासूबाईंनी माझी एम.एस्सी. तुळशीला घातली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन बोरीवलीत आले तेव्हा माझा अभ्यास चालू होता. विषय होता पाणपिसू (डोळ्याला जेमतेम दिसणारा, पाण्यात टुणटुण उडणारा जीव) आणि तिच्या अंगावर फुकटात राहणारे परजीवी. सरांनी बजावलं होतं, "परजीवीसकट पिसूचा फोटो आणा, नाहीतर यंदा परीक्षा विसरा!" त्यासाठी कॉलेजचा मायक्रोस्कोप फक्त त्या रविवारपुरता घरी मिळाला होता.

शनिवारी नॅशनल पार्कजवळच्या तळ्यात गुडघाभर चिखलात उतरून मी पिसू पकडली. भिंगातून बघितलं तर अंगावर परजीवी, एकदम झकास! स्टीलच्या वाटीत ठेवली, वर ताटली झाकली आणि निवांत झोपले.

सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. आमच्या घरचा नियम असा, की नळाला पाणी आलं की कालचं ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. हंडा, कळशी, तांब्या... आणि वाटी!

"आई, यातलं पाणी?"

"शिळा होता गो. तुळशीक घातलंय."

मी चमचा घेऊन कुंडी उकरायला धावले.

"तुळशीच्या मुळाक हात लावू नको!" सासूबाई ओरडल्या.

नवरा, सुरेश, तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. "काय झालं?"

"माझी पिसू गेली रे! वाट लागली!"

"एवढ्याशा किड्यासाठी रडतेस?"

(त्या क्षणी मी माहेरीच जायची, पण कॅमेरा त्याचा होता.)

सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला. "माझ्यामुळे तुझा वरीस जातला?" त्यांनी नळाखाली वाटी काठोकाठ भरून आणली. "ह्यात बघ. पाणी ता पाणीच मां!"

"अहो आई, नळाचं पाणी शुद्ध असतं! त्यात कुठून येणार पिसू?" मी मोठं भाषण दिलं. एकदाचं त्यांना विज्ञान कळावं म्हणून त्यातलंच थोडं पाणी काचेवर घेतलं आणि ऐटीत डोळा लावला.

पिसू! अंगभर परजीवी! तळ्यातल्या पिसूपेक्षा गुबगुबीत!

"सुरेश, कॅमेरा आण!"

कॅमेरा मायक्रोस्कोपला सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बांधायचा. जरा धक्का लागला की फोटो हलायचा, आणि रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. मे महिन्यात पंखा बंद! वरच्या मजल्यावर हाक गेली, "मसालो कुटू नको गो, सुनेचा वरीस जाताहा!" सुरेशला ब्रशासकट कोपऱ्यात उभं केलं. मग त्यांना स्वतःलाच खोकल्याची उबळ आली. तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्यांनी ती दाबून धरली. खट्! फोटो निघाला आणि मग बाई जे खोकल्या!

माझी पिसू कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझं वर्ष वाचलं पाहिजे, एवढंच ठाऊक होतं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. आजही आठवलं की डोळे भरून येतात.

नळाच्या पाण्यात पिसू निघाली हे कळल्यावर सेक्रेटरी "शक्यच नाही!" म्हणत तावातावाने गच्चीवर गेले, टाकीचं झाकण उघडलं आणि मुकाट्याने खाली आले. दुपारपर्यंत टाकी धुवायला माणसं हजर!

तोंडी परीक्षेत परीक्षक फोटोवर बेहद्द खूश. म्हणाले, "या पिसूशी तुमचा संबंध किती दिवसांचा?"

म्हटलं, "अभ्यास वर्षभराचा, सर. पीत मात्र होते लग्न झाल्यापासून!"