मामीने निवडलेला बोर्ड

मामी कुठलीही वस्तू अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय घेत नसे. माहेर लासलगावचं, वडील कांद्याचे व्यापारी. देठाकडची मान दाबली की कांदा आतून कसा आहे ते कळतं, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. लग्न होऊन नाशिकला सिडकोत आली, तरी सवय गेली नाही. पाव दाबायची, उशी दाबायची, चपलेची टाच दाबायची. सोफ्याच्या दुकानात विक्रेता तिच्या मागे फिरून खड्डे सरळ करत होता. मामा चिडवायचे, "मलाही असंच निवडलंस का?" ती म्हणायची, "तुम्हाला कुठं दाबू दिलं कुणी? तुम्ही बंद गोणीत आले."

मामा अचानक गेले. कामावरून आले, चहा टाक म्हणाले, आणि चहा उकळेपर्यंत संपले. त्यानंतर मामीच्या मुलाने, नीलेशने, कॉलेज सोडलं आणि कॉलेज रोडच्या एका गेम पार्लरमध्ये मुक्काम ठोकला. घरी यायचा तो आंघोळीपुरता. मामी दोघांचा स्वयंपाक करायची आणि सकाळी उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा खायची. रागावून झालं, रडून झालं, त्याच्या काकांना बोलावून झालं. मग एका रविवारी ती माझ्याकडे आली. मी अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते, आणि तीन दुकानांत चौकशी केल्याशिवाय घरचा मिक्सरही घेत नसे. हे तिला ठाऊक होतं.

"संगे, त्याला तिथं जे भेटतंय ते घरात आणू," ती म्हणाली. "मग तो घरात बसंल."

गेम चालेल असा कॉम्प्युटर तेव्हा सुटे भाग घेऊन जोडून घ्यावा लागे. मी यादी केली, रकाने आखले, फोन केले. प्रत्येक दुकानदार एकच सांगायचा: आधी मदरबोर्ड ठरवा, बाकी सगळं त्यावर बसतं. मामीला हे वाक्य फार पटलं. "सगळं त्याच्यावर बसतं," असं ती रिक्षात स्वतःशीच म्हणत राहिली. मग तिने बोर्डाचा ध्यासच घेतला. वायरमनला विचारलं, विमा एजंटला विचारलं, दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका प्राध्यापकांना विचारलं. त्यांचा विषय संस्कृत होता.

कॅनडा कॉर्नर चौकातल्या दुकानात मालकाने दोन बोर्ड समोर ठेवले. मामीचा अंगठा पुढे सरसावला, तसा तो ओरडला, "काकू, हात नका लावू." तिने हात मागे घेतला खरा, पण एवढंसं तोंड झालं. मग ती वाकून दोन्ही बोर्ड निरखू लागली. एकावर मधोमध एक लांब खाच रिकामी होती. ही जागा मोकळी का, असं तिने विचारलं. मालक म्हणाला, गेमसाठी हाच घ्या, या खाचेत नंतर ग्राफिक्स कार्ड बसवता येतं. दुसऱ्यात चित्र, आवाज, नेटवर्क सगळं आतच आहे, पण तो ऑफिसच्या कामाचा.

"नंतरचं मला काय सांगू नका," मामी म्हणाली. "रिकामं नको. सगळं भरलेलं द्या."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी मामीकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून मी मालकाला मानेनेच होकार दिला. भरलेला बोर्ड आला, त्यावर कॉम्प्युटर जोडला गेला, आणि मामीने त्याला हळदकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी नीलेश आंघोळीला आला. खांद्यावर टॉवेल तसाच ठेवून त्याने गेम सुरू केला. पडद्यावरच्या सैनिकाने एक पाय उचलला आणि तो तसाच अडकून राहिला. नीलेशने बाजूचा पत्रा काढून आत पाहिलं. "कार्ड लावायला जागाच नाही यात," म्हणाला, शर्ट चढवला आणि निघून गेला.

दुकानदार उघडलेला माल परत घेईना. मामीने जेवण टाकलं. मला एकच विचारायची, "आता काय आणू गं?"

त्याच आठवड्यात ती मला घेऊन पार्लरमध्ये गेली. आत अंधार, पडदे, कानाला हेडफोन लावलेली पोरं. ती एकेका खुर्चीमागे जाऊन विचारू लागली, "बाळा, तुझ्या मशीनमधी बोर्ड कुठला हाय?" पोरं खिदळायला लागली. एकाने रिकामी खुर्ची पुढे सरकवली. "बसा काकू, खेळता का आमच्याबरोबर?"

"बसते की," मामी म्हणाली आणि खरंच बसली. "हितंच बसते. घरी तरी कोण हाय माझं?"

कोपऱ्यातून नीलेश उठून आला. त्याने तिचा दंड धरला आणि तिला उठवलं. रिक्षा करून आम्ही तिघं निघालो. घरी आल्यावर तो चिडून म्हणाला, "बोर्ड घ्यायच्या आधी मला का नाही विचारलंस?"

"इचारायला तू घरात कुठं होतास?"

त्याने काढून ठेवलेला पत्रा कॉम्प्युटरच्या डब्याला परत बसवला. मग म्हणाला, "वाढ." मामीने दोन ताटं घेतली, आमटी मी वाढली.

दुसरा बोर्ड आणायला तो स्वतः आला. मामीने नाकारलेल्या बोर्डावरची ती लांब खाच यावर होती, आणि रिकामीच होती. मामीने ती पाहिली आणि अंगठा मुठीत दाबून धरला.

त्यानंतर नीलेश घरात बसू लागला, जेवू लागला, पुढे राहिलेली परीक्षाही देऊन मोकळा झाला. मामी कॉलनीतल्या प्रत्येक काळजीत पडलेल्या आईला सांगायची, "बाकी काय बी घ्या, बोर्ड नीट बघून घ्या. माझं पोरगं त्याच्यावरच माघारी आलं."

नीलेशच्या लग्नात जेवणाच्या रांगेत मी त्याला याची आठवण करून दिली, तर तो हसला. "ताई, त्या बोर्डावर कार्ड लावल्यावर गेम छान चालायचा. पण समोर भिडू नसेल तर त्यात काय मजा? दोन दिवसांत कंटाळलो होतो."

"मग घरी कसा बसलास?"

"मी परत गेलो असतो तर ती परत तिथे येऊन बसली असती."

मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात शेजारीण भेटायला आली आणि मुलगा घरात थांबत नाही म्हणून डोळे पुसू लागली. मामीला धाप लागत होती, तरी तिने बोर्ड कसा निवडायचा ते सगळं सांगितलं. मध्येच थांबून नीलेशकडे पाहिलं. तो उशाशी तिचा हात धरून बसला होता.

"बरोबर सांगतेय ती, काकू," तो म्हणाला. "बोर्डामुळेच आलो मी."