भराव की खांब

सोमवारी इंदिरानगरच्या घरून गाडी काढली तेव्हाच काय बोलायचं ते पाठ होतं. सायखेड्याच्या बाजूला, गोदावरीवरच्या जुन्या पुलाच्या अलीकडे माझं टायरचं दुकान आहे. त्या पुलाच्या जागी पुरात न बुडणारा नवा पूल व्हायचाय, त्याचीच गावात मीटिंग होती.

इंजिनियर मॅडमनी नकाशा लावला. एक पर्याय, आहे त्याच जागी... आमच्या दुकानांच्या पुढून नदीपर्यंत मातीचा उंच भराव आणि मग छोटा पूल. दुसरा, पार वरच्या अंगाला, खांबांवरचा लांब पूल.

पहिल्यात हायवे माझ्या दारातून जातो. दुसऱ्यात तो शेतांतून लांब जातो आणि पंक्चर काढत काढत उभं केलेलं दुकान आडरस्त्याला पडतं. सगळ्या दुकानदारांनी बोलायला मलाच पुढे केलं होतं... भराव मागायचा, बस.

"भरावाखालून पाणी जायला मोऱ्या ठेवू, पण थोडं पाणी तुंबेल," मॅडम म्हणाल्या. थोडं म्हणजे खालच्या आळीत, घराघरांत... एवढं मला नकाशा न बघताही कळलं. तरी गप्प बसलो.

तेवढ्यात मागून कुजबुज आली. खालच्या आळीतल्या, भाजी विकणाऱ्या ताराबाई सुनेला हात धरून खाली बसवत होत्या. "तू नको उठू गं. आप्पा हायेत ना, ते बोलतील. पाणी कुठवर येतं त्यांना ठावं हाय."

आप्पा म्हणजे मी... माझे कान तिखट आहेत, त्या दिवशी नसते तर बरं झालं असतं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. उठलो. पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं.

"मॅडम, भराव नको. पूल लांबवा, नदीला पसरायला जागा द्या."

मग शेजारचा हॉटेलवाला दात खाऊन म्हणाला, "वा आप्पा! आता टायर काय म्हशींना विकता?" लोक हसले, मीही हसलो.

निर्णय अजून व्हायचाय. दोन-तीन दुकानदारांनी बोलणं टाकलंय आणि त्यांचा राग मला समजतो.

ताराबाईंनी एवढा भरवसा टाकला नसता, तर मी भरावच मागून घरी आलो असतो. त्यांना मात्र वाटतं, आप्पा हेच बोलायला आले होते... तसंच वाटू दे.