हरलेल्यांनी पाणी मारायचं

आमची टीम त्या वर्षी एकही मॅच जिंकली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी शेवटपर्यंत आशेवर राहायला नको. दुसरंही सांगून टाकतो. माझी बायको त्या वर्षी आजारी होती, आणि आता ती नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात म्हणून मी पुष्कळदा बसलो, पण त्या वेगळ्या निघत नाहीत.

आमची टीम म्हणजे मी ज्या चाळीत वाढलो तिची हॉकी टीम. गिरणी बंद पडली, चाळ पाडली, माणसं पांगली. मी नोकरी लागल्यावर जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. टीम तेवढी राहिली. सोलापुरात हॉकी खेळतात म्हटलं की लोक हसतात. हसू देत. क्रिकेटवाल्यांना सगळा देश आहे, आम्हाला एक मुरमाचं मैदान आहे, आणि दिवाळीनंतर दर रविवारी दुपारी तिथं गावातल्या टीमा आपसात खेळतात. बघायला वीस-पंचवीस माणसं येतात, त्यातली निम्मी पुढची मॅच खेळायला थांबलेली असतात. मी स्वतः कधी धड खेळलो नाही. लहानपणी स्टिक हातात घेतली की ती माझ्याच नडगीवर बसायची. बघायला मात्र कधी चुकलो नाही. बायको म्हणायची, "हापिसात इतक्या टायमावर गेला असता, तर सायब झाला असता की."

मैदानाचा एक नियम आहे. मुरूम कोरडा असला की चेंडू कसाही उसळतो आणि धुरळ्यानं काही दिसत नाही, म्हणून खेळाआधी पाणी मारावं लागतं. हे काम हरलेल्यांचं. या रविवारी जे हरले, त्यांनी पुढच्या रविवारी लवकर येऊन मैदान भिजवायचं. कडेला विहीर आहे, तिच्यावर मोटार आहे, पण पाइप अर्ध्या मैदानापर्यंतच पोचतो. पुढचं बादल्यांनी. एरवी हे काम फिरतं राहतं, आज तुम्ही तर उद्या आम्ही. त्या वर्षी ते आमच्या पाचवीलाच पुजलं होतं. आमचे निम्मे खेळाडू चाळिशीच्या पुढचे, त्यांची कंबर बादल्या वाहण्यातच मोडायची आणि मग ते खेळायला उभे राहायचे. शेवटी मीच पँट दुमडून त्यांच्यात सामील झालो. इतर टीमांचे लोक सावलीत बसून आम्हाला सूचना द्यायचे. त्या कोपऱ्यात कमी पडलंय, इकडं जास्त झालंय. मला असा राग यायचा, पण हरलेल्या माणसाला रागवायचीही सोय नसते.

बायकोचा आजार दिवाळीच्या सुमारास परत आला. पहिल्या वेळी, काही वर्षांपूर्वी, तिनं सगळे उपचार न कुरकुरता घेतले होते. केस गेले, परत आले, आम्ही सुटलो असं समजून चाललो होतो. या वेळी डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हा बरा होणार नाही. केमो दिली तर थोडा काळ मिळेल, किती ते सांगता येत नाही. तिनं एकदा घेतली. आठवडाभर तिच्या पोटात पाणी ठरेना. मग एका सकाळी उठून बसली आणि म्हणाली, "साकु."

ती मैंदर्गीची. माहेरी मराठी आणि कानडी दोन्ही बोलायचे. एरवी ती माझ्याशी मराठीतच भांडायची, पण एखादी गोष्ट ठरली की तिच्या तोंडून कानडी निघायचं. साकु म्हणजे पुरे. भाजीवाल्याला म्हणायची, लेकीला म्हणायची, मला तर रोजच म्हणायची. या वेळी ती कशाला पुरे म्हणतेय, ते मला लगेच कळलं.

"मला उलट्या करत मरायचं न्हाय," ती म्हणाली. "जितकं हाय तितकं घरात बसून काढते. तुमी आता त्यो इषय काढू नका."

मी काढला. रोज काढला. समजावलं, चिडलो, एकदा तर जेवणाचं ताट सरकवून उठलो. पुण्याहून लेक फोनवर रडली. तर बायको तिलाच समजावत बसली की जावयाला वेळेवर जेवायला देत जा. मला काय हवं होतं ते साधं होतं. मला ती हवी होती. चांगली असो, आजारी असो, अंथरुणात असो, ती घरात असावी. हे स्वार्थी आहे हे मला कळत होतं, आणि तरीही मला तेच हवं होतं. महिनाभरानं मी हात टेकले. मग आमच्या घरात दूध, लाइट बिल आणि नळाला पाणी कधी येणार, एवढंच बोलणं उरलं.

रविवारी मी मैदानावर जाणं सोडलं नाही. सोडणार होतो. तिनंच घालवून दिलं. "घरात बसून माज्या तोंडाकडं बघत ऱ्हाऊ नका, मला कसंतरी हुतंय," म्हणाली. मी जायचो, पाणी मारायचो, चार-पाच गोल बघायचो आणि परत यायचो. एकदा आल्यावर तिनं विचारलं, "तुमची टीम जिंकंल असं वाटतंय का तुमाला?"

"नाही," मी म्हणालो.

"मग कशाला जाता?"

"नाही गेलो म्हणून काय ती जिंकणार आहे का?"

"ह्ये काय उत्तर झालं?"

पुढच्या रविवारी मी परत गेलो.

मग ती चिखलाची मॅच आली. समोरची टीम त्या वर्षीची सगळ्यात जोरात. पोरं विशीतली, वाऱ्यासारखी पळणारी. आमचा कॅप्टन वेल्डिंगचं दुकान चालवतो. दख्खनी बोलतो, आणि मैदानावर येताना त्याच्या शर्टाला जळक्या लोखंडाचा वास असतो. त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "चाचा, आज पानी जरा जादा मारेंगे. अपने गोल के सामने. उनके पोट्टे भागते ना, फसने दो चिखल में."

मला ती युक्ती फार आवडली. इतकी आवडली की पाइप मी स्वतः धरला. आमच्या गोलासमोरचा सगळा भाग आम्ही असा भिजवला की चप्पल रुतायला लागली. दुसरं टोक नुसतं शिंपडल्यासारखं केलं. आम्ही सगळे एकमेकांकडं बघून गालातल्या गालात हसत होतो.

मग टॉस झाला. टॉस ते जिंकले. त्यांच्या कॅप्टननं मैदानावर एक नजर टाकली आणि चिखलाची बाजू स्वतःकडं मागून घेतली.

आमचा गोल कुठला, हे टॉसनंतर ठरतं, ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. इतकी वर्षं खेळतोय, बघतोय, तरीही. पहिल्या हाफात आमची माणसं चढाई करायला गेली की आम्हीच केलेल्या चिखलात फसायची, आणि त्यांची पोरं आमच्या सुक्या बाजूला मोकळी पळायची. हाफटाइमला बाजू बदलल्या तोवर उन्हानं चिखल वाळून कडक झाला होता. मग तिथंही तीच पळाली. किती गोल झाले ते मी मोजणं सोडून दिलं.

घरी येऊन बायकोला हे सांगताना मी संतापलेलो होतो. सांगता सांगता टॉसपाशी आलो आणि ती हसायला लागली. आधी नुसती खांदे हलवत होती, मग तोंडाला पदर लावला, मग डोळ्यांतून पाणी आलं. "आणि पाइप तुमीच धरला हुता," असं म्हणून परत हसली. पोट दुखायला लागलं तरी थांबेना. कित्येक आठवड्यांनी मी ते हसू ऐकत होतो. मीही हसलो, आणि हसताना मला रडू आलं, ते तिला दिसलं.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "शेवटची मॅच कवा हाय? मला बघायचीय, ही कोण शानी मानसं हायत ती."

शेवटच्या रविवारी मी तिला रिक्षानं घेऊन गेलो. मार्च लागला होता, ऊन भाजत होतं. डोक्याला स्कार्फ, अंगावर एवढ्या उन्हातही शाल. घरून नेलेली खुर्ची मी लिंबाखाली मांडली. कॅप्टन येऊन तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "चाची, आज देखो तुम." ती मला म्हणाली, "ह्यो चांगला दिसतोय की. तुमच्या नादानं बिघडला असंल."

आमचे दोन खेळाडू आलेच नव्हते. नऊ जणांवर मॅच सुरू झाली. पहिला गोल लगेच बसला, दुसरा त्याच्या मागोमाग. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, पण ती टक लावून बघत होती. तिसरा गोल झाला तेव्हा कॅप्टन जाळीतून चेंडू काढून पळत सुटला आणि मैदानाच्या मध्यावर नेऊन ठेवला. बाकीच्यांना हातानं चला चला करत होता. धाप लागून तोंड उघडं पडलेलं, पोट शर्टातून बाहेर आलेलं.

"ह्याला एवडी कसली गडबड?" तिनं विचारलं. "तीन गोल खाल्ले की त्यानं."

"वेळ जातो ना," मी म्हणालो. "गोल खाल्ला की चेंडू मध्यावर ठेवायचा आणि परत सुरू करायचं. उशीर केला तर आपलाच वेळ कमी होतो."

"पण हरनारच हायत न्हवं?"

"हरणारच आहेत. पण शिट्टी होईपर्यंतचा वेळ त्यांचाच आहे."

मी खेळाबद्दलच बोलत होतो. तिला काही सुचवावं असं माझ्या मनातही नव्हतं, तो विषय मी केव्हाच सोडला होता. बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं, आणि मी घाबरून तिच्याकडं बघितलं. ती समोर बघत होती.

चौथा गोलही झाला. कॅप्टन पुन्हा तसाच पळाला. शेवटी शेवटी आम्हाला एक पेनल्टी कॉर्नर मिळाला, त्या वर्षातल्या मोजक्यांपैकी एक. कॅप्टननं असा मारला की चेंडू खांबावर खाडकन आपटून बाहेर गेला. मी बाजूला बघितलं तर ती खुर्चीतून उठून उभी होती. शाल खाली पडली होती. मी तिचा दंड धरला, तो माझ्या मुठीत मावत होता.

मॅच संपल्यावर कॅप्टन आमच्यापाशी येऊन जमिनीवरच बसला. हरल्याचं दुःख त्याला होतंच, डोळे लाल झाले होते. पण तो पुढच्या वर्षाचं बोलायला लागला. दिवाळी झाली की सुरू. गोलात त्याचा मेहुणा येणार, डावीकडं एक नवा पोरगा बघून ठेवलाय, पावसाळ्यात सराव कुठं करायचा तेही ठरलंय. माझ्याशी नाही, तिच्याशीच बोलत होता. "चाची, अगले साल पैली मॅच कू आना." ती म्हणाली, "बघू की." कोणाला काही नाकारायचं नसलं की ती तसं म्हणायची.

परतताना रिक्षात ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, दमली. तिला आणायलाच नको होतं असं वाटून मी स्वतःला शिव्या देत होतो. अर्ध्या वाटेवर डोळे न उघडताच तिनं विचारलं, "दिवाळीला अजून किती म्हैने हायत?"

मी सांगितलं. ती बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत मोजत राहिली, हळूहळू ओठ हलवत. एका पेरावर अंगठा थांबला. मग हात तिनं शालीत घेतला.

"डॉक्टरला इचारा," ती म्हणाली. "आता परत सुरू केलं तर चालतंय का."

मी पुढं वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणालो, "घरी नको, दवाखान्याकडं घे."

"अवो," ती म्हणाली, आणि माझा हात त्याच्या खांद्यावरून काढून आपल्या हातात घेतला. "रविवार हाय आज. बंद असंल. उद्या जाऊ की."